शेजारच्या केबिनमधला मुलगा

१

श्रीरामपूरला स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर, कापडाच्या एका जुन्या दुकानाच्या माथ्यावर अभ्यासिका आहे. लांबट हॉल, प्लायवूडच्या फळ्या उभ्या करून केलेल्या केबिना, प्रत्येक केबिनीत एक खुर्ची आणि एक ट्यूबलाइट. आराधना सोनवणे बारावी सायन्सला होती. कॉलेज सुटलं, घरी जाऊन दोन घास खाल्ले की ती इथं येऊन बसायची. वडील ती लहान असतानाच गेले होते. आई मरिया एका खासगी दवाखान्यात नर्स होती आणि दुपारभर ड्यूटीवर असायची. रिकाम्या घरात अभ्यास होत नाही, असं आराधना म्हणायची. खरं म्हणजे रिकामं घर तिला आवडत नसे.

अभ्यासिकेत शांतता असली तरी तिचे आवाज ठरलेले होते. पंख्यांची घरघर, पानं उलटल्याची सळसळ, आणि मधूनच खालच्या दुकानातून कापड फाडल्याचा लांब टर्र आवाज. त्या ऑक्टोबरात उकाडा मी म्हणत होता. एका दुपारी आराधनाला त्या आवाजांत एक जास्तीचा आवाज सापडला.

तिनं पान उलटलं की फळीपलीकडं पान उलटायचं.

आधी तिला वाटलं, योगायोग. मग तिनं मुद्दाम पाठोपाठ दोन पानं उलटली. पलीकडंही तशीच दोन सळसळली. तिनं एक पान अर्धवट उचलून हवेतच धरून ठेवलं. पलीकडं चिडीचूप. तिनं ते हळूच खाली सोडलं, तेव्हा पलीकडचंही हळूच खाली आलं. मध्ये तिच्या डोक्याएवढी उंच फळी होती. तिथून कुणाला काही दिसणं शक्य नव्हतं.

ती उठली आणि टाचा उंचावून पलीकडं डोकावली. तिच्याच वयाचा एक मुलगा बसला होता. पांढरट शर्ट, नीट विंचरलेले केस. पुढ्यात केमिस्ट्रीचं पुस्तक उघडं होतं, तेच, आणि त्याच पानावर.

"माझी नक्कल करतोस का रे?" ती दबक्या आवाजात म्हणाली.

त्यानं वर पाहिलं. चेहऱ्यावर खोडी नव्हती, हसूही नव्हतं.

"मला दुसरं येत नाही," तो म्हणाला.

जत्रेत चुकलेलं पोर पत्ता सांगतं तशा आवाजात म्हणाला. आराधना खाली बसली. रागवायचं राहूनच गेलं.

२

त्यानं नाव सांगितलं रविराज. आठवडाभरानं कधीतरी, गणित सुटेना म्हणून मान मागं टाकून बसली असताना, आराधनाची नजर त्याच्या केबिनीवरच्या पंख्यावर गेली. तिथले सगळे पंखे कुणी ना कुणी भेट दिलेले होते आणि पात्यांवर लाल रंगानं तसं लिहिलेलं होतं. वीज गेली होती, पाती थांबली होती. त्या पंख्यावर लिहिलं होतं, 'कै. रविराज याच्या स्मरणार्थ'.

तिनं स्वतःला समजावलं. रविराज काय एकच असतो का? नातेवाईक असेल. गेलेल्या मुलाचं नाव घरात दुसऱ्याला ठेवतात, त्यात काय एवढं. ती शास्त्र शिकणारी मुलगी होती. एका नावावरून काही सिद्ध होत नाही, हे तिला कळत होतं. त्याला विचारलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण तिनं विचारलं नाही, कारण तोपर्यंत तिला तो आवडायला लागला होता.

का आवडावा, हे तिला सांगता आलं नसतं. तिचं बोलणं तो ऐकायचा. घरी आई थकून यायची, मैत्रिणी मोबाईलमध्ये तोंड घालून बसायच्या. हा मात्र ती बोलत असताना पापणीसुद्धा लववायचा नाही. ती हसली की हसायचा, क्षणभर उशिरानं. चहाच्या टपरीवर ती पहिला घोट घेईपर्यंत पेला हातातच धरून बसायचा. टपरीवरची माणसं वळून पाहायची. कॉलेजातल्या मुली एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. मग आराधनाला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. रस्त्यानं जाताना ती त्याच्या पुढं चार पावलं चालायची, ओळख नसल्यासारखी. तोही बरोबर तेवढंच अंतर ठेवून मागून यायचा आणि कधी तक्रार करायचा नाही.

"तू मूळचा कुठला?" एकदा तिनं टपरीवर विचारलं.

"लांबचा."

"म्हणजे वैजापूरकडचा?"

"लांबचा."

"मग काय, आकाशातून पडलास?"

त्यानं थोडा विचार केला. मग बोट खाली केलं, किंचित तिरकं, बाकड्याच्या पायाकडं. "आत्ता तिकडं आहे," तो म्हणाला. "तुमच्या जमिनीच्या पलीकडच्या बाजूला. संध्याकाळनंतर वर येईल."

आराधना खळखळून हसली. घरी जाताना मात्र हसू आपोआप विरलं. थापा मारणारा माणूस वर बोट दाखवतो. भर दुपारी आपला तारा पायाखाली आहे, हे ज्याला खरंच ठाऊक असेल त्यालाच खाली बोट दाखवायचं सुचेल.

३

गावाबाहेर पाटाच्या कडेला पाटकऱ्याची एक जुनी चौकी होती, दगडी, एका खोलीची. पाटबंधारेवाल्यांनी ती केव्हाच सोडून दिली होती. तो तिथं राहायचा. आराधना एका दुपारी सायकल घेऊन तिकडं गेली. दोन्ही अंगांना ऊस उभा, पाटाला पाणी सुटलेलं. ते दोघं पायरीवर बसले. आत खोलीत अंथरूण नव्हतं, भांडं नव्हतं, चूल नव्हती. धूळ मात्र होती, आणि त्या धुळीत भिंतीकडं तोंड करून कुणीतरी खूप वेळ बसल्याची एकच जागा.

"तुला एकटं भीती नाही वाटत?" तिनं विचारलं.

"आमच्याकडं एकटं कुणी नसतं," तो म्हणाला. "माझं चुकलं. मी सुटलो. एकटं राहिलं की थांबतं."

"काय थांबतं?"

त्यानं तिचा हात घेतला आणि आपल्या छातीवर ठेवला. तिला आधी काहीच लागलं नाही. शर्टाखाली भिंत असावी तसं गार आणि मुकं. ती हात मागं घेणार, एवढ्यात आत काहीतरी हललं. एक ठोका पडला. मग दुसरा. मग ते चालूच झालं. तिच्या स्वतःच्या कानशिलात जे धडधडत होतं, तेच तिच्या तळहाताखाली होतं, कणभरही मागंपुढं नाही. लाजून तिची धडधड वाढली, तशी हाताखालचीही वाढली.

आता वाटतं, तिनं तिथंच उठायला हवं होतं. पण सतरा वर्षांच्या मुलीला प्रेमाबद्दल जे काही ऐकून माहीत असतं त्यात हेच तर सांगितलेलं असतं. ती ऊन उतरेपर्यंत हात तसाच ठेवून बसली. एवढ्या सुखात ती कधीच नव्हती.

४

रविवारची उपासना आटोपून मायलेकी घरी आल्या तेव्हा तो दारात उभा होता. आराधनानं बोलावलं नव्हतं. चर्चमध्ये भजन चाललेलं असताना तिच्या मनात नुसतं आलं होतं, की आज तो घरी आला तर.

मरियाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी त्याला आत घेतलं, पाणी दिलं, गावाचं, घरच्यांचं विचारलं. तो आराधनाकडं पाहून मगच उत्तर द्यायचा. हळूहळू आराधनाच्या लक्षात आलं, की तो बोलतोय ते शब्द तिचेच आहेत. 'घरात करमत नाही हो.' 'आई थकते फार.' मरियाबाई ते ऐकत होत्या आणि त्यांच्या चेहऱ्यावरचं यजमानीण बाईचं हसू हळूहळू मावळत होतं.

"तुझा रंग बरा नाही दिसत बाळा," त्या म्हणाल्या. "हात बघू."

त्यांनी एका हातानं त्याचं मनगट धरलं. थोडा वेळ डोळे मिटून बसल्या. मग दुसरा हात टेबलाखालून आराधनाकडं केला आणि तिचंही मनगट धरलं. बाहेर शेजारणीचा कुकर शिट्ट्या देत होता. अचानक मरियाबाईंनी टेबलाखाली आराधनाच्या मनगटाला सणकून चिमटा काढला. तिनं ओठ दाबून कळ सोसली. मरियाबाईंनी डोळे उघडले आणि दोन्ही हात सोडून दिले.

"जा बाळा आता," त्या अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. "उशीर झाला."

दुपारचं जेवणसुद्धा झालेलं नव्हतं. तो उठला आणि गेला. मरियाबाईंनी मोरीत जाऊन हात धुतले. पुन्हा धुतले.

"मम्मी, काय झालं?"

"चिमटा तुला काढला, आरू. नाडी त्याची उडाली." त्या पदरानं हात पुसतच राहिल्या. "त्याला स्वतःची नाडी न्हाईच. ती तुझी हाय."

आराधना काहीबाही बोलत सुटली. योगायोग, घाबरला असेल, एवढ्यातेवढ्यावरून काय ठरतं. आईनं सगळं ऐकून घेतलं.

"तो वाईट हाय असं मी म्हणत न्हाई गं. कोण हाय ते मला कळत न्हाई, आणि कळून घ्यायची ताकदही न्हाई माझ्यात. पण एक सांगते. पेशंट ऑक्सिजनवर असला की नळी कुणी हिसकून काढत न्हाई. हळूहळू कमी करतात. तू त्याला बसवून सांग. समजावून सांग. तुझ्या माणसांत परत जा म्हणावं. नीट सांग, माझ्या बाई. चारचौघांत तोडू नको त्याला."

आराधनानं मान डोलावली.

५

तिनं सांगितलं नाही. तिनं अभ्यासिकेत जाणंच बंद केलं. घरी दार लावून बसायची, आणि पुस्तकाचं पान उलटताना थांबून कानोसा घ्यायची. आई विचारायची, "बोललीस का?" ती म्हणायची, "उद्या." हेच दिवसेंदिवस चाललं. शेवटी प्रॅक्टिकलची वही अभ्यासिकेत राहिली होती म्हणून जावंच लागलं.

तो तिथंच होता, त्याच खुर्चीत. पण उन्हात टाकलेल्या कापडासारखा त्याचा रंग उडाला होता. गालाला, कपाळाला, ओठांना, सगळ्याला एकच फिकट छटा आली होती. ती केबिनीत शिरून बसली आणि फळीपलीकडं कुणीतरी फार लांब श्वास आत ओढला.

अभ्यासिकेची देखभाल करणारे रंगनाथकाका तिची वाटच पाहत असावेत. ते लगबगीनं आले, आणि त्यांचा दबका आवाजही सगळ्या हॉलभर ऐकू गेला.

"पोरी, ह्यो कोन हाय? तू आली न्हाईस तवापासनं ह्यो हितंच बसून हाय. पान उलाटलं न्हाई का घोटभर पानी पेला न्हाई. मी कुलूप घालून घरी जातो, सकाळी उघडतो, तर आपला जसाच्या तसा. बोलवलं तर बघत न्हाई. तुज्या वळखीचा हाय का?"

एकेका फळीवरून एकेक डोकं वर आलं. बायोलॉजीच्या क्लासला तिच्याबरोबर असणारा अझीम शेख उठून जवळ आला. सरळ मुलगा होता, भांडणात पडणारा नव्हता.

"त्रास देतोय का हा तुला?" त्यानं विचारलं.

सगळे पाहत होते. टपरीवर कोपरानं ढोसणाऱ्या मुलीही त्यात होत्या. पलीकडून तो उभा राहिला आणि फळीवरून तिच्याकडं पाहू लागला, ती आता काय म्हणेल ते ऐकायला, नेहमीसारखा, पापणी न लववता. आराधनाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आईचे शब्द तिला त्या क्षणीही आठवत होते. आठवत नव्हते असं पुढं तिला कधीच म्हणता आलं नाही.

"मी नाही ओळखत ह्याला," ती म्हणाली. "रोज माझ्या मागं मागं येतो."

त्याच्या त्या फिकट चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटलं. राग नव्हता, दुःखही नव्हतं. आराधनानं ते ओळखलं, कारण ते तिचंच होतं. ती लाज होती.

६

मुलांनी त्याला खाली नेलं. जिन्यावर पुष्कळ पावलांचा आवाज झाला. मग दुकानामागच्या बोळातून गलका ऐकू आला, धक्काबुक्कीचा, शिव्यांचा. रंगनाथकाका "आरं, जपून" म्हणत खिडकीकडं गेले. आराधना केबिनीत ट्यूबलाइटकडं पाहत बसून राहिली. खाली दुकानात कुणीतरी कापड फाडलं. ती मनातल्या मनात म्हणत होती, दोन चापट्या मारतील, सोडून देतील. त्याला तरी कुठं लागणार आहे.

मग बोळातून हाक आली.

"आई गं! मम्मी!"

आराधनानं दोन्ही हात तोंडावर नेले. तोंड बंद होतं. आवाज मात्र तिचाच होता. लहानपणी झोपाळ्यावरून पडून हात मोडला होता, तेव्हा ती जशी ओरडली होती, तसाच.

खालचा गलका एकदम थांबला. रंगनाथकाका खिडकीतून वाकून पाहत होते. ते सावकाश मागं आले, आराधनाच्या केबिनीपाशी येऊन तिच्याकडं बघत राहिले, आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसले.

मुलं एकेक करून वर आली. ज्यानं त्यानं आपापली पुस्तकं गोळा केली. अझीम सगळ्यात शेवटी आला. त्याची मूठ सोललेली होती आणि ती तो दुसऱ्या हातानं लपवत होता.

"तू वरच होतीस ना?" त्यानं विचारलं. "सगळा वेळ?"

"हो. का रे?"

तो रडवेला झाला. "आम्हाला काय माहीत... मी मारलं तेव्हा तोच होता, आईशप्पथ. मग त्यानं तोंडावरचे हात काढले." पुढचं त्यानं सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्याकडं तो बघतही नव्हता. "सॉरी," एवढंच म्हणाला आणि गेला. त्यानंतर तो कधी तिच्याशी बोलला नाही. वर्गात ती शिरली की खाली मान घालायचा.

७

दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून ती पाटावर गेली. पाटाचं पाणी बंद झालं होतं, तळाशी चिखल उघडा पडला होता. वाटेत तिनं सगळं जुळवलं होतं. माफी मागायची. आई म्हणाली तसं बसवून सांगायचं. वेळ लागला तर लागू दे, हळूहळू सोडायचं.

चौकीचं दार आतून लावलेलं होतं.

"रविराज," तिनं हाक मारली.

दाराशेजारी हातभर उंचीची खिडकी होती, एक फळी निसटलेली. तिनं त्या फटीला डोळा लावला. आत उन्हाचा एकच पट्टा पडला होता. भिंतीकडं तोंड करून कुणीतरी बसलं होतं. पांढरट शर्ट तोच. पण मानेवरून पाठीवर आराधनासारखीच वेणी आली होती. ती निम्मीच होती. खाली केस नव्हते, नुसता वेणीचा आकार होता. आणि उजव्या कानाच्या जागी अजून सगळं सपाट होतं.

"आत येऊ नको," तिच्याच आवाजात ते म्हणालं. "अजून जमलं नाही."

"काय जमलं नाही?" आराधनानं विचारलं.

"तू म्हणालीस, ह्याला ओळखत नाही. बरोबर आहे. तो पंख्यावरचा होता." बोलणं अगदी समजुतीचं होतं, जरासुद्धा दोष न देणारं. "मी शोधलं, तुझ्या ओळखीचं कोण आहे. मग हीच सापडली."

सगळीकडं शांत होतं. उसाचं पातंही हलत नव्हतं. तिची छाती धडधडत होती आणि दाराच्या जुन्या फळ्यांतून तीच धडधड बाहेर येत होती, फळ्यांना टेकलेल्या तिच्या बोटांना ती जाणवत होती. आतली आकृती हळूहळू वळायला लागली. आधी खांदा, मग गाल. त्या गालावर काल मारलेलं उठून दिसत होतं.

"हिला तर ओळखतेस ना?"

तिथं माफी मागता आली असती. 'हो' म्हणता आलं असतं. एवढा एकच शब्द हवा होता त्याला. आराधनानं डोळे गच्च मिटले. तो चेहरा पुरता वळून तिच्यासमोर आला, तर आयुष्यभर आरशात तोच दिसेल, एवढंच तिला सुचत होतं.

"नाही," ती म्हणाली.

तिच्या बोटांखालची धडधड थांबली. लगेच नाही. आधी एक ठोका चुकला, मग दोन लांब लांब पडले, कुणीतरी वाट पाहत असल्यासारखे. मग दार नुसतं लाकूड उरलं. तिनं पुन्हा फटीला डोळा लावला नाही. सायकल उचलली आणि निघाली. रस्त्यावर उसाच्या बैलगाड्या लागल्या, एका गाडीवानानं "बाजूला व्हय गं पोरी" म्हटलं, आणि त्या ओळख नसलेल्या माणसाच्या साध्या आवाजानं तिला रडू यायला हवं होतं. पण तिला मोकळं वाटलं. कित्येक दिवसांत इतकं मोकळं वाटलं नव्हतं.

आई त्या दिवशी दुपारीच घरी आली होती. भाकऱ्या थापत होती.

"भेटलीस त्याला?"

"हो."

"नीट सांगितलंस ना गं? समजावून?"

"हो मम्मी."

"गेला?"

"गेला."

मरियाबाईंनी पिठाचा हात तसाच तिच्या गालावरून फिरवला. "शहाणं माझं लेकरू," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "मला घोर लागला होता. दुसरी असती तर टाकून आली असती त्याला."

त्यांनी तव्यावरची गरम भाकरी काढली, वांग्याचं भरीत वाढलं. आराधना पाटावर बसली. घास तोंडात जाणार नाही, असं तिला वाटलं होतं. पण भूक लागली होती. ती जेवली. दुसरी भाकरी मागून घेतली आणि पोटभर जेवली.